21 हजारांच्या अलीकडे की पलीकडे: ईएसआय आणि कंपनीचा मेडिक्लेम

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा: पगारातून वर्गणी कापतात आणि योजनेच्या दवाखान्यात उपचार मिळतात. ज्यांचा महिन्याचा पगार 21 हजारांच्या बराच खाली आहे त्यांना, कंपनी योजनेत असेल तर, ते लागू असतंच, आणि ज्यांचा बराच वर आहे त्यांना ते मिळत नाही. या दोघांना हा प्रश्न पडत नाही. पंचाईत होते ती काठावरच्यांची. पुण्याजवळच्या भोसरीतली कंपनी साडेवीस हजार ग्रॉस (कापाकापीआधीचा पगार) देते आणि चाकणची तेवीस. एकीकडच्या पगारपत्रकात ईएसआयचे 154 रुपये कापलेले दिसतात, दुसरीकडच्या ऑफर लेटरमध्ये ‘ग्रुप मेडिक्लेम, 3 लाख, फॅमिली फ्लोटर’ अशी ओळ असते, म्हणजे कंपनीने काढलेला आरोग्य विमा, सगळ्या कुटुंबात मिळून 3 लाखांपर्यंत. घरचे म्हणतात, अडीच हजार जास्त आणि वर कॅशलेस, विचार कसला करतोस?

मी आधी भोसरीत होतो, मग चाकणला गेलो, आणि आता परत भोसरीत आहे. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते उघड आहे, लपवत नाही. पण तुमच्या घरची माणसं वेगळी, त्यांची दुखणी वेगळी.

ईएसआयचं वाईट आधी सांगतो. तिथे अर्धा दिवस जातो. माझा दवाखाना कुठला ते सांगत नाही, पण सकाळी आठला केसपेपरच्या रांगेत उभं राहिलं तर गोळ्या हातात पडेपर्यंत साडेअकरा वाजतात. एखादी गोळी नसते. ‘गुरुवारी या’ म्हणतात. स्पेशालिस्टला दाखवायचं तर रेफर लेटर, त्यावर सही-शिक्का, मग मोहननगर किंवा बिबवेवाडीचं रुग्णालय, आणि तिथे सोय नसेल तर पुढे टाय-अप, म्हणजे ईएसआयशी करार असलेल्या, हॉस्पिटलची चिठ्ठी. मध्ये एक झेरॉक्स कमी पडणार हे धरूनच चालायचं. पेहचान कार्डच्या (ईएसआयच्या ओळखपत्राच्या) चार प्रती मी पाकिटात घेऊनच फिरतो. सेकंड शिफ्ट असेल तर जमतं, जनरल असेल तर हाफ डे टाकावा लागतो.

मेडिक्लेममध्ये हे काही नाही. पोट दुखलं, सोसायटीतल्या कुणीतरी डॉक्टरचं नाव सांगितलं, विमा कंपनी जिथलं बिल थेट भरते त्या नेटवर्कच्या यादीत हॉस्पिटल आहे का बघितलं आणि गेलो. डॉक्टर आपण निवडतो. रिसेप्शनला एसी आहे, खुर्च्या आहेत, पाण्याचा जार आहे. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर ईएसआयची चिठ्ठी कुठून आणणार? असा प्रश्न माझे सासरे विचारतात आणि त्यात तथ्य आहे. तातडीच्या वेळी जवळच्या हॉस्पिटलात नेऊन नंतर प्रतिपूर्ती मागता येते, पण ते सगळं कागदाच्या जोरावर.

इथपर्यंत वाचून चाकण बरं वाटत असेल. मलाही वाटलं होतं.

2023 मध्ये बायकोच्या पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीतून ऑपरेशन, तीन दिवस मुक्काम. 10 हजार डिपॉझिट भरलं, टीपीए डेस्कवर (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्यांच्या टेबलावर) कार्ड दिलं, पहिली मंजुरी आली. ट्विन शेअरिंग (दोन पेशंटची खोली) रिकामी नाही म्हणाले, म्हणून 4,500 ची खोली घेतली. ऑपरेशन उत्तम झालं, सर्जनबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टरांनी ‘डिस्चार्ज’ लिहिलं. साडेदहाला बायको साडी नेसून, वेणी घालून पलंगाच्या कडेला बसली. पिशव्या भरून दाराशी ठेवल्या. मी खाली डेस्कवर. ‘फाइल गेलीय, अप्रूव्हल यायचंय.’ बाराला तेच. दीडला कळलं की क्वेरी आलीय: खड्यांचा त्रास केव्हापासून, ते डॉक्टरांच्या लेटरहेडवर लिहून हवंय. डॉक्टर ओटीमध्ये. साडेतीनला लेटर गेलं. दरम्यान वर सिस्टरने सलाइनची सुई काढून टाकलेली, दुपारचं जेवण बंद झालेलं कारण कागदावर पेशंट गेलेला. मी कोपऱ्यावरून इडली आणून दिली. सात वाजायला वीस मिनिटं कमी असताना मंजुरी आली, आणि तिच्यासोबत एक आकडा आला जो सकाळपासून कुणीच सांगितला नव्हता: 30,300 तुम्ही भरायचे.

त्याचा हिशेब नीट समजून घ्या, कारण मलाही तो त्या संध्याकाळीच समजला. पॉलिसी 3 लाखांची, खोलीच्या भाड्याची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे 3,000. मी 4,500 ची घेतली. मला वाटलं, वरचे दीड-दीड हजार आपण भरू, तीन दिवसांचे साडेचार हजार. पण तसं नसतं. खोली दीडपट महाग घेतली तर सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, व्हिजिट हा सगळा खर्चही त्याच प्रमाणात दोन-तृतीयांश मंजूर होतो. तो 60 हजार होता, त्यातले 20 हजार गेले. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, हे त्यातल्या त्यात बरं. मग ग्लोव्ह्ज, अ‍ॅडमिशन किट, असलं ‘नॉन-मेडिकल’ 5,800. झाले 30,300. डिपॉझिट वळतं करून वीस हजार तीनशे अजून. ते मी मेव्हण्याकडून फोनवर मागवून घेतले, काउंटरवर उभं राहून, मागे लोक उभे असताना.

माझी मावसबहीण जीएनएमचा नर्सिंग कोर्स करून एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. तिला रात्री फोन केला तर म्हणाली, “दादा, खोली घेताना लिमिट विचारलंस का? आम्ही पेशंटला सांगत नाही, आम्हाला कोण सांगतंय? आणि डिस्चार्जच्या दिवशी डबा घरूनच आणायचा असतो.” मग सहज विचारलं, तुला कुठला मेडिक्लेम आहे? हसली. तिच्या पगारातून ईएसआय कापतात. कॅशलेस हॉस्पिटलात आठ तास ड्यूटी करून ती तापासाठी ईएसआयच्या रांगेत उभी राहते.

पैसे गेल्याचं दुःख असतं, पण ते पुसलं जातं. मला खुपलं ते वेगळंच. मेडिक्लेममध्ये बिल नावाची गोष्ट शेवटपर्यंत अधांतरी असते. आत जाताना कुणी अडवत नाही, बाहेर पडताना अडवतात. ईएसआयमध्ये आत जातानाच छळ होतो, पण एकदा आत गेलं की बिलाचा कागदच नसतो. आईचा मोतीबिंदू तिथून झाला तेव्हा डिस्चार्ज म्हणजे एक चिठ्ठी, डोळ्यात घालायचे थेंब आणि ‘सोमवारी या’. मी सवयीने खिशात हात घातला होता. रांगेत मला बसवतं, पेपर वाचता येतो. बायको वेणी घालून बसलेली असताना काउंटरवर मला बसवत नाही. एवढ्यासाठी नोकरी बदलावी का? सरसकट नाही म्हणेन. पण माझ्या मनाने तिथेच घेतलं.

न्याय म्हणून हेही सांगायला हवं की 2024 मध्ये विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने, नियम केला: डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, उशिरामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीने सोसायचे. माझ्यानंतरच्यांना कदाचित इडली आणावी लागत नसेल. खोलीच्या भाड्याची कात्री मात्र पॉलिसीत लिहिलेली असते, तिला तीन तासांचा नियम लागू नाही. ऑफर स्वीकारण्याआधी एचआरकडे ‘रूम रेंट कॅपिंग आहे का’ एवढं एक विचारा. काही कंपन्यांच्या पॉलिसीत ते नसतं, आणि तसं असेल तर माझा निम्मा मुद्दा गळून पडतो.

उरलेला निम्मा आईचा आहे. तिला शुगर आणि बीपी. चाकणच्या पॉलिसीत बायको-मुलं होती, आईवडील नव्हते, आणि ओपीडीच्या, म्हणजे अ‍ॅडमिट न होता घ्यायच्या, गोळ्या तर कुणाच्याच नव्हत्या. महिन्याला मेडिकल दुकानात 1,800 रुपये. ईएसआयमध्ये अवलंबून असलेले आईवडील धरतात, त्यांचं उत्पन्न महिन्याला 9,000 च्या आत असेल तर. म्हणजे अडीच हजारांच्या वाढीतले अठराशे केमिस्टकडे जात होते आणि बाकीचे वाटेवरच्या मोशीच्या ट्रॅफिकमध्ये. शिवाय 3 लाख ही मर्यादा; ईएसआयमध्ये उपचाराच्या खर्चाला अशी वरची रेघ नाही. सुपर स्पेशालिटीसाठी मात्र नोकरीच्या काळाची अट असते, नवीन लागला असाल तर ती आधी विचारून ठेवा.

आणि मशीनवर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जिची कुणी ऑफिसमधला माणूस तुलना करत नाही. मेडिक्लेम हॉस्पिटलचे पैसे देतो, घरी बसलेल्या दिवसांचे देत नाही. ईएसआय आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के देतं, आधीच्या वर्गणीच्या काळात 78 दिवस भरलेले असले की. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत 90 टक्के, तिथे 78 दिवसांची अट नाही. आमच्या प्रेस शॉपमध्ये एकाची तर्जनी पहिल्या पेरापर्यंत गेली. तो सुट्टीवर असताना त्याच्या खात्यात पैसे येत होते आणि नंतर कायमच्या अपंगत्वाची महिन्याची रक्कम सुरू झाली, छोटी, पण दर महिन्याला. ईएसआय नसेल तर कायद्याने मालकाकडून नुकसानभरपाई मागायची वाट आहे (2025 पर्यंत ती 1923 च्या कायद्याखाली होती). आपल्याच मालकाविरुद्ध त्या वाटेने जाताना मी फार लोक पाहिले नाहीत.

उपचारात चूक झाली तर काय, हेही विचारतात. ‘ईएसआय फुकट, तिथे तक्रार कसली चालते’ हा समज चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये किशोर लाल प्रकरणात स्पष्ट केलं की वर्गणी भरणारा कामगार हा ग्राहकच आहे आणि ईएसआयच्या दवाखान्यातल्या निष्काळजीपणाबद्दल ग्राहक आयोगात (तेव्हाच्या ग्राहक मंचात) जाऊ शकतो. विमा कंपनीने पैसे भरलेले असले तरी पेशंट ग्राहक ठरतो, हे तर 1995 च्या शांता प्रकरणापासून ठरलेलं आहे. तेव्हा इथे दोन्ही पारडी सारखी. मुदत दोन वर्षांची. कागद लगेच मागा, मागितल्यापासून 72 तासांत ते देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मेडिक्लेमवाल्यांना पैशांच्या कापाकापीसाठी विमा लोकपाल हा एक जादा दरवाजा आहे आणि त्याचं कार्यालय पुण्यातच, नारायण पेठेत. मी गेलो नाही. खोलीच्या मर्यादेची ओळ पॉलिसीत छापलेली होती, मीच वाचली नव्हती.

घरात म्हातारं माणूस नसेल, काम टेबलावरचं असेल, बायकोच्या कंपनीचाही विमा असेल, तर चाकणला जा, माझं ऐकू नका. नोकरी सुटली की तो विमाही सुटतो एवढं ध्यानात ठेवा. ईएसआयमध्ये पाच वर्षं भरून निवृत्त झालं की वर्षाला 120 रुपयांत नवरा-बायकोला उपचार चालू राहतात, पण तिथवर 21 हजारांच्या आत राहायचं कसं, हा वेगळाच विनोद आहे. ओव्हरटाइम त्या मर्यादेत धरत नाहीत, म्हणून निभतं.

मर्यादा 2017 च्या जानेवारीत 15 वरून 21 हजार झाली होती. माझा आकडा आता 20,500 आहे आणि यंदा इन्क्रिमेंट ठरलंय. वर्गणीचं सहामाही चक्र एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असं चालतं. चक्र सुरू झाल्यावर मध्येच पगार वर गेला तर ते संपेपर्यंत ईएसआय चालू राहतं, आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत मिळतो. पण एक एप्रिललाच पगार वर गेला तर त्याच दिवसापासून वर्गणी बंद. म्हणून मी एचआरच्या मॅडमना विचारलं की माझी वाढ एप्रिलऐवजी मेपासून लावता येईल का. त्या आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “पगारवाढ उशिरा द्या म्हणून अर्ज करणारे तुम्ही पहिलेच.” अर्ज ठेवून घेतलाय.