पॅकराफ्ट घ्यावी का? डोंगरातल्या तळ्यांवर फोटो काढायला जाणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

पॅकराफ्ट म्हणजे हवा भरून फुगवायची, सॅकमध्ये मावणारी छोटी हलकी बोट. तळ्यापर्यंत गाडी जात असेल तर ती घेऊच नका, तिथे भाड्याची साधी कयाक मिळाली तर ती सरळ चालते आणि वाऱ्यातही दम धरते. पण दोन-तीन तास चढल्याशिवाय दिसतच नाहीत अशा तळ्यांसाठी मला याहून भारी वस्तू अजून सापडलेली नाही. माझी एका माणसाची आहे, साधारण ३ किलोची, घडी करून सॅकच्या तळाशी बसते आणि चार तुकड्यांचं वल्हं बाजूला अडकवता येतं. लाइफ जॅकेटचं वजन वेगळं, आणि ते वजन वाचवायचा विचारसुद्धा करू नका प्लीज, बर्फ वितळून आलेल्या पाण्यात पडलं की आधी श्वासच ताब्यात राहत नाही आणि थोड्या वेळात हातपाय चालेनासे होतात, पट्टीच्या पोहणाऱ्याचेसुद्धा.

हवा भरायला पंप लागत नाही. एक हलकी पिशवी मिळते, तिच्यात हवा पकडायची, पिळून आत ढकलायची, शेवटी तोंडाने फुंकून टाइट करायची. पण काठावर टणक झालेली बोट थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि बोट मऊ पडते, नवीन माणसाला वाटतं पंक्चर झाली! तसं नसतं, पाण्यात थोडा वेळ ठेवायची, परत फुंकायची आणि मगच बसायचं. काठावर उन्हात ठेवली की याच्या उलट होतं, आतली हवा फुगते, म्हणून थोडी हवा सोडूनच ठेवा, नाहीतर जोडांवर ताण येतो.

आता फोटोचं. बोटीत बसलं की कॅमेरा पाण्यापासून जेमतेम हातभर वर असतो, त्यामुळे काठावरची झुडपं-दगड मध्ये येत नाहीत आणि शिखराचं प्रतिबिंब थेट तुमच्यापर्यंत पसरतं, हे काठावरून कितीही वाकलात तरी मिळत नाही. बोट हलत असल्यामुळे ट्रायपॉडचा उपयोग शून्य, मी शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नेत नाही, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावून फिरवायचा चकाकी कापणारा फिल्टर, मात्र हवाच, हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठामुळे पाण्याला जो निळा-हिरवा रंग येतो तो वरची चकाकी कापल्यावर खरा दिसतो, पण हा फिल्टर दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो आणि जास्त फिरवला तर प्रतिबिंबच पुसून टाकतो. त्यात बोट सारखी वळते म्हणजे सूर्याचा कोन बदलतो, म्हणजे फिल्टर परत फिरवा. एका हातात वल्हं असताना हे खूप वैताग देतं.

वळण्याची तक्रार तर आहेच, प्रत्येक वल्ह्याला नाक डावी-उजवीकडे जातं. मागे लावायचं छोटं पातं, म्हणजे फिन, असेल तर बराच फरक पडतो, माझ्या कंपनीने ते सोबत दिलंच नाही, वेगळं घ्यावं लागलं, हे मला अजिबात पटलं नाही. आणि वारा! ऊन तापलं की दरीतून वारा वर चढायला लागतो आणि एवढी हलकी बोट पानासारखी ढकलली जाते, म्हणून पहाटे उतरायचं, काठाकाठाने फिरायचं, पाण्यावर सुरकुत्या दिसायला लागल्या की परत फिरायचं, लाइट कितीही छान असला तरी.

एका तळ्यातून दुसऱ्यात जाण्याआधी बोट धुवून खडखडीत वाळवा, ओल्या बोटीला चिकटून बाहेरच्या वनस्पती आणि बारीक जीव नव्या पाण्यात पोचतात. याला वेळ लागतो, त्यामुळे एका दिवसात दोन तळी हा प्लॅन करू नका. आणि विकत घेण्याआधी बूट घालून आत बसून बघा, माझ्यासारखे पाय लांब असतील तर एक साइझ मोठीच लागेल.