दाव्याच्या खर्चाच्या वसुलीबाबत दक्ष असलेल्या एका वकीलबाईंची सेवा

कौटुंबिक दाव्यासाठी वकील निवडताना लोक उलटतपासणीतील ख्याती विचारतात; दाव्याचा खर्च समोरच्या बाजूकडून मिळवण्याच्या कामी ते वकील किती दक्ष आहेत, हे क्वचितच कोणी विचारते. पुण्यात ज्या वकीलबाईंनी माझ्या धाकट्या बहिणीचे प्रकरण चालवले, त्यांच्या कामाचे मूल्यमापन मी मुख्यतः याच कसोटीवर करीत आहे. घटस्फोटाची याचिका बहिणीच्या पतीने दाखल केली होती. ती साताऱ्याला माहेरी होती आणि तिला स्वतःचे उत्पन्न नव्हते.

बाईंनी पहिल्याच भेटीत आपली फी टप्प्याटप्प्याने लिहून दिली आणि पुढे प्रत्येक रकमेची पावती दिली. त्यापूर्वी भेटलेल्या एका वकिलांनी मिळणाऱ्या पोटगीत टक्केवारी मागितली होती. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी मनाई आहे, हे आम्हाला बाईंकडूनच समजले.

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २४ खाली अंतरिम (दावा चालू असेपर्यंतच्या) पोटगीबरोबर दाव्याचा खर्चही मागता येतो आणि हा हक्क पती वा पत्नी, ज्याचे उत्पन्न अपुरे असेल त्याला आहे. अनेक अर्जांत ‘व खर्च मिळावा’ एवढी एकच ओळ असते. बाईंनी मात्र वकील फी, टंकलेखन, नोटरी, नकला आणि प्रत्येक तारखेचे सातारा-पुणे प्रवासभाडे यांचा स्वतंत्र तक्ता पावत्यांसह जोडला. महाराष्ट्रात १९९४ च्या अधिसूचनेने अशा प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ असल्यामुळे ती बाब त्यांनी तक्त्यात घातली नाही, आणि हा चोखपणा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० मधील रजनेश विरुद्ध नेहा या निकालानुसार दोन्ही बाजूंनी मालमत्ता व दायित्वाचे शपथपत्र द्यावे लागते. समोरच्या बाजूने त्यासाठी वारंवार मुदत मागितली, तेव्हा असा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, ही कायद्यातील तरतूद बाईंनी प्रत्येक वेळी लेखी हरकतीत नोंदवली.

आदेश झाला, पण पैसे आले नाहीत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८-अ प्रमाणे असा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो, म्हणून त्यांनी दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केली. त्याच वेळी, खर्चाची रक्कम भरेपर्यंत मूळ याचिका पुढे चालवू नये, असाही अर्ज दिला. घटस्फोटाची घाई याचिकाकर्त्यालाच असल्याने या दुसऱ्या अर्जाचा परिणाम अधिक झाला आणि जप्तीची वेळ येण्याआधी रक्कम न्यायालयात जमा झाली. अंतिम निकालात ‘उभयतांनी आपापला खर्च सोसावा’ असे वाक्य येण्याची शक्यता त्यांनी सुरुवातीलाच सांगितली होती आणि तसेच झाले. खोट्या वा त्रासदायक दाव्याबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ खाली मिळणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा केवळ ३,००० रुपये आहे, ही तर कायद्यातील उघड उणीव आहे. त्यामुळे खर्च मिळवायचा तो अंतरिम टप्प्यावरच, हा त्यांचा आग्रह मला पूर्णपणे पटला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. दोन तारखांच्या मधल्या काळात बाई फोनवर मिळत नसत, रोजनाम्यात (न्यायालयाच्या त्या तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत) काय नोंदले गेले ते कनिष्ठ वकिलांकडून विचारून घ्यावे लागे, आणि आदेशाची प्रमाणित नक्कल आम्हालाच नक्कल विभागातून काढावी लागली. मंजूर झालेली रक्कमही प्रत्यक्ष खर्चाच्या निम्म्याच्या आसपासच होती, मात्र त्याचा दोष त्यांना देता येणार नाही.

त्यांची फी मध्यमवर्गीय कुटुंबालाही जड वाटावी अशी आहे. ज्यांना ती झेपणार नाही, त्यांना त्या स्वतःच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि चौकशीसाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.