एस्परान्झा की सारा?

मैत्रिणीच्या नऊ वर्षांच्या भाचीकडे नवी आई येणार. दोन इंग्रजी बालकादंबऱ्यांपैकी कुठली द्यावी?

'एस्परान्झा रायझिंग'ची मुख्य गोष्ट १९३० च्या मेक्सिकोत सुरू होते. वडील मारले जातात, काका आईला मागणी घालतो; त्याला चकवून मायलेकी कॅलिफोर्नियात मजुरीला येतात. आजीने अर्धवट सोडलेलं डोंगरदऱ्यांच्या नक्षीचं क्रोशाचं ब्लँकेट मुलगी विणत राहते. सुंदर! पण जाडजूड, मधेमधे स्पॅनिश, आणि सावत्र आई नाहीच.

'सारा, प्लेन अँड टॉल'मध्ये मेक्सिको नाही, पण धास्ती नेमकी भाचीला असेल तीच: नवी आई म्हणून आलेली सारा एकटी गाडी हाकत गावात गेली, परतेल ना? परतते, निळ्या, करड्या, हिरव्या पेन्सिली घेऊन. तास-दीड तासात संपतं.

भाचीला साराच द्या. एस्परान्झा बारा वर्षांच्या, मेक्सिकन घर बघायचंय अशा वाचकाला.