पाइनसिल व्ही टू : आयर्न घेतलंत, आता सेटिंग पण बघा

हा रिव्ह्यू घरी बसून अ‍ॅम्प्लिफायर, रिमोट, जुने रेडिओ असलं काहीबाही दुरुस्त करत बसणाऱ्यांसाठी. माझं बघून इंदूरातल्या ओळखीच्या काही जणांनी पण हे सोल्डरिंग आयर्न मागवलं आणि लगेच फोन सुरू, "अरे हे तर नीट तापतच नाही, आपलं पंचवीस वॅटवालं काय वाईट होतं". माझा एकच प्रश्न असतो, चार्जर कुठला लावलायस?

कारण याच्याबरोबर चार्जर येत नाही, टाइप सी आहे म्हणून लोक जो हाताशी असेल तो फोनचा लावतात. आता गणित बघा, छोट्या बिटचा (म्हणजे आयर्नच्या तापणाऱ्या टोकाचा) हीटर साधारण 6.2 ओहमचा, लांब बिटचा 8 च्या आसपास, आणि वॅट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. 20 व्होल्ट मिळाले तर छोटी बिट 64 वॅट खेचते, 9 व्होल्टवर जेमतेम 13. म्हणजे पोह्याच्या कढईखाली मेणबत्ती.

जेल रोडवरून मी एक चार्जर आणला, दुकानदार म्हणाला "भिया, पूरा पैंसठ वॉट का है, आँख बंद करके ले जाओ". घरी येऊन लावला तर आयर्नच्या स्क्रीनवर 9 व्होल्ट. परत घ्यायला अर्थातच नकार. काही फोनबरोबर येणाऱ्या 67-80 वॅटच्या चार्जरचं पण तेच, ते वॅट त्यांच्याच फोनपुरते असतात, बाकीच्यांना 9 व्होल्ट देऊन वाटेला लावतात. मागे बारीक अक्षरात 20V 3.25A असं छापलेलं बघा, मगच पैसे द्या, आणि जमलं तर आयर्न सोबत नेऊन तिथेच लावून बघा.

आयर्नच्या मागे डीसी पिनची जागा पण आहे, घरात पडलेला जुना 19 व्होल्टचा लॅपटॉप अ‍ॅडॅप्टर पिन जुळली तर चालतो. पण तो 45 वॅटचा असेल आणि छोटी बिट लावली असेल तर ती 58 मागते, अ‍ॅडॅप्टर ट्रिप होतो आणि आयर्न मधेच बंद. यासाठी अ‍ॅडव्हान्स्ड मेनूत पॉवर लिमिट आहे, ते 40 वर ठेवा, तापायला थोडा जास्त वेळ घेतं, पण काम अडत नाही. पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) म्हणजे टाइप सीच्या चार्जरवर याची गरज पडत नाही, तिथे आयर्न आणि चार्जर आपसात ठरवून घेतात.

पॉवर बँकवर चालवणार असाल तर आयर्न झोपलं (न वापरता ठेवल्यावर स्लीपमध्ये गेलं) की करंट इतका कमी होतो की बँक समजते काहीच लावलेलं नाही आणि स्वतःच बंद पडते. मेनूतलं पॉवर पल्सचं सेटिंग ऑन केलं की ते मधूनमधून थोडा करंट ओढत राहतं. गच्चीवर डिशची वायर जोडायची असेल तेव्हा हे फार कामाला येतं.

टेम्परेचरचं म्हणाल तर 60/40 ची सोल्डर 190 च्या आतच वितळते, तरी मी 320 वर काम करतो, मोठ्या ग्राउंडच्या पॅडवर प्लसचं बटन दाबून धरलं की बूस्ट, म्हणजे तेवढ्यापुरतं टेम्परेचर वाढतं. बूस्ट आधीपासून 420 असतो, मी 380 केलाय, जुन्या बोर्डांचे ट्रॅक उखडतात हो. स्लीप 150 वर आहे तसाच ठेवा, हातात घेतलं की मोशन सेन्सरमुळे काही सेकंदांत परत तयार.

आणि पीडी चार्जरवर बिटला हात लागला आणि झिणझिण्या आल्या तर घाबरू नका, दोन पिनच्या चार्जरमध्ये ते होतं, पण आयसी नाजूक असेल तर आयर्नच्या मागे अर्थिंगचा छोटा स्क्रू दिलाय, त्याला वायर लावून अर्थला जोडा. स्टँड पण वेगळा घ्यावा लागतो, महारानी रोडवर साधा स्प्रिंगवाला मिळतो, तो पुरतो. पंख्याच्या जाड वायरी आणि पत्र्याला डाख देणं हे मात्र याचं काम नाही, त्यासाठी जुनं साठ वॅटवालं विकू नका.