लाइनमनचं शूट: विकत घेण्याआधी आणि घेतल्यावर

अमेरिकन फुटबॉलच्या लाइनवर, म्हणजे दोन्ही संघांचे लाइनमन समोरासमोर भिडतात त्या पुढच्या रांगेत, जो खाली राहतो, तो रेटतो. समोरच्याच्या छातीत खालून हात शिरले की त्याचा भार टाचांवर जातो आणि सव्वाशे किलोचा गडीही मागे सरकतो. तालमीत पटात शिरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ही सवय लावायला हायस्कूलच्या मैदानांवर शूट (chute) असतं: पाइपांचा बुटका मांडव, वर जाळी, शेजारी शेजारी कप्पे. थ्री-पॉइंट स्टान्समधून, म्हणजे दोन पाय आणि एक हात टेकलेल्या पवित्र्यातून, सुटायचं आणि डोकं वर न लागू देता पलीकडे निघायचं.

वस्तू पैसे वसूल करणारी आहे, पण ती फक्त उंची मोजते. गुडघे न वाकवता कमरेतून वाकलं तरी पोरगं आरामात पार होतं. पाठ कुबडी, नजर गवतावर. अशा मानेनं धडक बसली तर मणक्यावर बेततं; हेल्मेट पुढे करून धडकण्यावर शाळा-कॉलेजांच्या नियमांत १९७६ साली बंदी आली ती यासाठीच. म्हणून कोचनं समोर उभं राहून बोटं दाखवावीत आणि किती ते ओरडायला लावावं. आकडा चुकला की नजर पडली.

उंची बदलता येते तेच मॉडेल घ्या. पाचसव्वापाच फुटी सेंटर (रांगेच्या मधला गडी) आणि सव्वासहा फुटी टॅकल (कडेचा गडी) एकाच उंचीत बसवले, तर एकाला काहीच कष्ट नाहीत आणि दुसरा कमरेतून मोडतो. पुढच्या पाइपला जाड फोम हवाच.

सोबत फूटभर रुंदीची, कडा तासलेली लाकडी फळी घ्या. ती दोन पायांच्या मधे ठेवायची, म्हणजे पाय जवळ येत नाहीत. कडा तासलेल्या नसतील तर घोटा मुरगळतो. पहिलं पाऊल सहा इंचांचंच, आणि दुसरं टेकल्यावर धडक. पहिलं लांब पडलं की धडकेच्या क्षणी गडी एका पायावर असतो आणि सहज उलथतो.

एक उणीव मात्र राहते: शूट उलट रेटत नाही. म्हणून शूटच्या तोंडाशीच एकाला पॅड धरून उभं करा. अंगठे वर, कोपरं बरगड्यांना लागून, हात आत, मग कंबर पुढे. हे साधल्याशिवाय महागड्या स्लेडकडे, म्हणजे रेटत न्यायच्या पॅडवाल्या जड सांगाड्याकडे, वळू नका. चुकीच्या पवित्र्यातला नुसता जोर स्लेडही सरकवतो आणि चूक झाकली जाते.