दुकानात दाखवलेल्या दोन फोटोंवरून कॅमेरा बदलू नका

जुना कॅमेरा एक्स्चेंजमध्ये देऊन नवीन घ्यायचं ज्यांच्या डोक्यात चाललंय त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. दुकानदार दोन फोटो शेजारी शेजारी लावतो आणि म्हणतो बघा फरक, आणि फरक खरंच डोळ्यांना दिसतो, तिथंच माणसाला गंडवलं जातं. माझ्या बाबतीत हे २०१८ ला झालं, पण परवा आमच्या ओळखीतल्या एका मुलालाही तेच वाक्य ऐकवलं गेलं, "तुमचा सेन्सर दमलाय" (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग), म्हणून म्हटलं आता सगळं सविस्तरच लिहू.

माझ्याकडे निकॉनचा डी ५३०० होता, सोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स. मी साताऱ्याचा, माझे फोटो बहुतेक देवळातले, कीर्तनाचे, त्रिपुरी पौर्णिमेच्या दीपोत्सवाचे, म्हणजे उजेडाची कायम बोंब. गाभाऱ्यात फ्लॅश मारू देत नाहीत आणि मारूही नये, समईच्या उजेडाचा जो रंग असतो तो फ्लॅशनं पार धुऊन जातो. मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, चढवायचा, ३२००, ६४००, आणि घरी येऊन मोठं करून बघितलं की काळ्या पाषाणावर लाल-हिरवे ठिपके. सगळे म्हणायचे फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घे, लो लाइटचा प्रश्नच मिटेल. पैसे साठवले आणि पुण्यातल्या एका दुकानात गेलो, नाव लिहीत नाही.

सेल्समन बोलायला एकदम गोड. "दादा तुमची बॉडी द्या, दोन्ही इथंच टेस्ट करू, तुमच्या डोळ्यांनी बघा मग ठरवा." (बॉडी म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा.) मला ते पटलं, कुणालाही पटेल. काउंटरवर एक पितळेचा गणपती होता, मागं काळा पडदा. माझं मेमरी कार्ड माझ्या कॅमेऱ्यात होतंच, त्यानं मेन्यूत जाऊन काहीतरी खालीवर केलं, लेन्स पूर्ण झूम केली आणि फोटो काढला. मग डिस्प्लेवरचा निकॉनचाच फुल फ्रेम डी ७५० घेतला, त्यावर ५० एमएम १.८ लावलेली, दोन पावलं पुढं सरकला आणि दुसरा फोटो काढला. त्यातही कार्ड माझंच घालायला लावलं होतं, कारण फोटो मला घरी नेऊन बघायचे होते. पुढं सगळं उघडकीला आलं ते त्या एका कार्डामुळं.

भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर दोन्ही फोटो लावले. माझ्या फोटोत गणपतीच्या सोंडेवर नुसते दाणे आणि पडदा काळा नाही, मातकट जांभळा. दुसऱ्यात सोंडेवरची नक्षीन् नक्षी मोजून घ्या, पडदा कुट्ट काळा, पितळ नुसतं झळकतंय. आणि मग तो म्हणला, "दादा, सेन्सरलापण वय असतं. चार वर्षं वापरलात, दमलाय तो. आज दिलात तर काहीतरी येतील, सहा महिन्यांनी कुणी हात लावणार नाही." असं म्हणून ज्या कॅमेऱ्याचे बाजारात सहज वीस हजार आले असते त्याचे नऊ हजार लावले. मी भुललो, जुना कॅमेरा दिला आणि नवा डी ७५० आणि लेन्स घेऊन निघालो.

आता हे नीट समजून घ्या, कारण इथंच सगळी मेख आहे. सेन्सर असा दमत नाही. वर्षानुवर्षांत एखाददुसरा हॉट पिक्सेल येतो, लांब एक्सपोजरला लाल किंवा पांढरा ठिपका एकाच जागी परत परत दिसतो, तो सर्व्हिस सेंटरला मॅप करून घेता येतो. सेन्सरवर धूळ बसते, ती पुसून मिळते. पण चार वर्षं वापरला म्हणून ६४०० ला नॉइज, म्हणजे ते दाणे, जास्त यायला लागला असं होत नाही. झिजतं ते शटर, बटणं, रबर, कार्डची पिन.

रात्री मावसभावाकडं गेलो, त्याचा स्टुडिओ आहे, लग्नाच्या ऑर्डरी घेतो. त्याला कौतुकानं दोन्ही फोटो दाखवले. त्यानं फोटोकडं बघितलंच नाही, सरळ फाइलची माहिती उघडली. प्रत्येक फोटोच्या आत कॅमेरा स्वतःच सगळं लिहून ठेवतो, कुठली लेन्स, किती अपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं, एफचा आकडा लहान तेवढं तोंड मोठं), किती शटर (ते किती वेळ उघडं), किती आयएसओ, त्याला एक्झिफ म्हणतात. माझ्या कॅमेऱ्याचा फोटो: ५५ एमएम, एफ ५.६, १/६०, आयएसओ ६४००. डी ७५० चा फोटो: ५० एमएम, एफ १.८, १/६०, आयएसओ ६४०.

मी गप्पच झालो. एफ ५.६ च्या तुलनेत एफ १.८ ला साडेनऊ पटीहून जास्त उजेड आत येतो, म्हणजे तीन स्टॉपपेक्षा जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). म्हणून तोच गणपती तेवढ्याच उजेडात एकाला ६४०० वर काढावा लागला आणि दुसऱ्याला ६४० वर. तुलना दोन कॅमेऱ्यांची नव्हतीच, किट लेन्स आणि प्राइम लेन्सची, म्हणजे झूम नसलेल्या लेन्सची होती. शर्यतीत एका जोडीला रिकामा छकडा जुंपायचा आणि दुसरीला उसानं भरलेली गाडी, आणि मग म्हणायचं तुमचे बैल म्हातारे झाले, तसला प्रकार. वर माझ्या कॅमेऱ्याचं पिक्चर कंट्रोल, म्हणजे रंगांची सेटिंग, फिक्या न्यूट्रलवर आणि हाय आयएसओ नॉइज रिडक्शन बंद केलेलं, त्यांचं भडक विविडवर आणि दाणे पुसणारं रिडक्शन चालू. मेन्यूत खालीवर केलं ते हे.

मग खरा फरक किती असतो? फुल फ्रेम सेन्सर साधारण ३६ बाय २४ मिलिमीटर, निकॉनचा क्रॉप, म्हणजे माझ्या डी ५३०० सारखा लहान सेन्सर, २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ सव्वादोन पटीच्या थोडं वर. म्हणजे एकाच पिढीच्या दोन कॅमेऱ्यांत, तेच अपर्चर तेच शटर ठेवलं, तर फुल फ्रेमला साधारण सव्वा स्टॉपचा फायदा, त्याचा ६४०० म्हणजे क्रॉपचा पावणेतीन हजार धरा. हा फायदा खोटा नाही, लग्नवाल्यांना तो कामाचा आहे, त्यासाठी पैसे मोजणं चूक अजिबात नाही. पण मला दाखवला तो सव्वा स्टॉप नव्हता, त्यात लेन्सचे तीन स्टॉप मिसळले होते, आणि किंमत बॉडीची लावली होती. माझ्याच डी ५३०० वर निकॉनची ३५ एमएम १.८ जी लावली असती तर गाभाऱ्यातलं निम्म्याहून जास्त दुखणं तिथंच बरं झालं असतं, आणि ती लेन्स बॉडीच्या किमतीपुढं काहीच नाही. (ही घेणार असाल तर एक सांगतो, ५० एमएम १.८ डी म्हणून एक जुनी स्वस्त लेन्स गळ्यात मारतात, तिच्यात मोटर नाही, डी ३००० आणि डी ५००० च्या घरातल्या बॉडीवर तिचं ऑटोफोकस चालत नाही.)

इथवर म्हणावं तर चलाखी. पुढचं मात्र सरळ फसवणूक आहे. भाऊ म्हणला नवीन बॉडीचा एक फोटो काढ. काढला आणि एक्झिफटूल नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये टाकला. निकॉनच्या फाइलमध्ये शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले तो आकडा, आणि बॉडीचा सिरीयल नंबर दोन्ही सापडतात. नव्याकोऱ्या बॉडीवर फार तर थोडेफार क्लिक असावेत, याच्यावर १४ हजाराच्या पुढं. बॉडीच्या बुडाला जो नंबर तो फाइलमध्ये, पण खोक्यावर वेगळाच. सील माझ्यासमोर फोडलं होतं खरं, पण "लेन्स लावून चेक करून देतो" म्हणून आत नेलं होतं, अदलाबदल झाली ती तिथंच. खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष असलेलं स्टिकरच नव्हतं. परदेशातून आलेल्या पॅक मालावर ते लागतंच, २०११ च्या वैधमापनाच्या आवेष्टित वस्तू नियमांत तसं आहे. स्टिकर नाही म्हणजे बहुतेक मागच्या दारानं आलेला माल, त्याला इथली वॉरंटी मिळेल या भरवशावर राहू नका.

आणि बिल. अकाउंटंट नाही, पक्कं बिल मेल करतो म्हणून 'एस्टिमेट' लिहिलेला कागद दिला होता. त्या वेळी डिजिटल कॅमेऱ्यावर जीएसटी २८ टक्के होता, १ जानेवारी २०१९ पासून १८ झाला, त्यामुळं बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणारे तेव्हा जागोजागी होते. मी तर बिल मागितलं होतं आणि पैसे कार्डानं दिले होते.

दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन परत पुण्याला. मालक आधी ओळखच देईना, मग म्हणला तुम्हीच घरी फोटो काढून काउंट वाढवला असेल. एका रात्रीत १४ हजार! भावानं खोक्यावरचा नंबर, बॉडीवरचा नंबर, फाइलची प्रिंट आणि कार्डाची स्लिप काउंटरवर ओळीनं मांडली आणि शांतपणे म्हणला, वकिलाची नोटीस येईल. दुकानात इतर गिऱ्हाईकं होती, ती जवळ येऊन वाचायला लागली तसा मालकाचा सूर बदलला. बॉडी आणि लेन्स परत घेऊन पैसे परत केले, पण त्यालाही तीन आठवडे लावले. माझा डी ५३०० मात्र परत मिळाला नाही, "विकला गेला" म्हणे, एका दिवसात, दमलेला सेन्सर! त्याचे नऊच हजार हातात आले. त्या कॅमेऱ्यावर माझ्या आजीच्या शेवटच्या काकडआरतीचे फोटो काढलेत, त्याचा असा भाव लागला याचा राग अजून जात नाही.

त्यानंतर कॅमेरा घेताना मी आणि भावानं जे केलं ते सांगतो, कुणालाही जमेल. दोन्ही बॉडी टेबलावर टेकवायच्या, हात हलायला नको. दोन्हीला एकाच तऱ्हेची लेन्स, निदान अपर्चर तरी एकच. मॅन्युअल मोड, तेच शटर, तोच आयएसओ, आणि जेपीईजी नाही, रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं हात न फिरवलेली कच्ची फाइल. जेपीईजीत कॅमेरा स्वतः दाणे पुसतो, कडा धारदार करतो, रंग चढवतो, त्यावरून सेन्सर कळत नाही. आणि विषय दुकानातल्या एलईडीखालचा चकचकीत नको, आपण जे काढतो ते. मी पिशवीत काळी घोंगडी आणि पणती घेऊन गेलो होतो, सेल्समन हसला पण मागच्या खोलीतला दिवा बंद करून दिला त्यानं. घोंगडीच्या लोकरीत तंतू दिसतात की चिखल होतो, यात सगळं कळतं. मग धुळीसाठी एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा एक फोटो. निकॉनच्याच डी ६०० ला सेन्सरवर डाग पडायचा त्रास होता, २०१३ मध्ये कंपनीनं स्वतः त्याची सूचना काढली होती, म्हणून सेकंडहँड घेणाऱ्यांनी हा फोटो विसरूच नका.

आणि फोटो दुकानाच्या टीव्हीवर बघून ठरवायचं नाही. फोर-के टीव्ही म्हणजे जेमतेम ८३ लाख पिक्सेल, त्यावर २४ मेगापिक्सेलचा फोटो एक तृतीयांश होऊन दिसतो, दाणे एकमेकांत मिसळून जातात. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर तर काहीही छानच दिसतं. घरी कॉम्प्युटरवर शंभर टक्के झूम करून बघा, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट आहे. आणि शंभर टक्के बघून झाल्यावर स्वतःला हेही विचारा की प्रिंट केवढी काढणार. आठ बाय बारा इंचाची प्रिंट ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी काढली तरी पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात, तिथं २४ आणि ४५ चा फरक कुणाला दिसणार नाही.

मी शेवटी क्रॉप बॉडीच घेतली, पक्क्या बिलावर, आणि ३५ एमएम १.८. आमच्या देवळात आता ८०० वर काम भागतं.

आता तो ओळखीतला मुलगा. त्याच्याकडं कॅननचा १५००डी आहे, दुकानानं त्याला तुलनेचे दोन फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि एक्झिफ उडून जातं, त्यामुळं त्या फोटोंवरून काहीच ठरवता येत नाही. मी त्याला म्हटलं मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग. दुकानवाला म्हणला मूळ फाइल डिलीट झाली. त्याच्याच कॅमेऱ्यावर आम्ही घरी रॉ काढून बघितलं, कॅमेरा ठणठणीत आहे. पण पोरानं पाच हजार टोकन आधीच दिलेत आणि ते आता "नॉन-रिफंडेबल" आहेत म्हणे. काल १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. तिथं नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. अर्ज मीच लिहून देणार आहे, पुढं काय होतंय ते कळवतो.