पगार अडकलाय? कॅलिफोर्नियाच्या लेबर कमिशनरकडे जा, वकील लागत नाही

रेटिंग: 5 पैकी 4

बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) देशी रेस्टॉरंट, किराणा दुकानात काम करणाऱ्या आपल्या पोरांसाठी मुद्दाम लिहितेय. माझी भाची एका हॉटेलात वेट्रेस होती (नाव देत नाही), मालक म्हणायचे अगं तुला टिप मिळते ना मग पगार कमीच असणार, आणि शनिवार-रविवार सकाळी अकरापासून रात्री अकरापर्यंत उभी, ओव्हरटाइमचं नाव काढायचं नाही. टिप धरून पगार कमी देणं बऱ्याच राज्यांत चालतं पण कॅलिफोर्नियात अजिबात नाही! इथे टिप वेगळी, किमान वेतन वेगळं, 2026 ला तासाला 16.90 डॉलर आणि काही शहरांत त्याहून जास्त. दिवसाचे 8 तास झाले की दीडपट, 12 च्या पुढे दुप्पट.

तर लेबर कमिशनर, म्हणजे पगाराच्या तक्रारी सोडवणारं राज्य सरकारचं ऑफिस, तिथे क्लेम (अडकलेल्या पगाराची तक्रार) ऑनलाइन भरता येतो, फी काही नाही, दुभाषा हवा असेल तर फॉर्मवरच सांगायचं. मालकांनी तासांची नोंद धड ठेवलीच नव्हती, कायद्याने ती त्यांची जबाबदारी आहे, आणि भाचीकडे किचनच्या दारावर चिकटवलेल्या शेड्यूलचे फोटो आणि "उद्या लवकर ये"वाले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, तेच कामाला आले. आधी सेटलमेंट कॉन्फरन्स (तडजोडीची बैठक) होते, नाही जमलं तर हिअरिंग, म्हणजे सुनावणी. हिचं कॉन्फरन्समध्येच मिटलं, राहिलेला ओव्हरटाइम मिळाला. शेवटचा पगार मुद्दाम अडवला तर 30 दिवसांपर्यंतच्या पगाराएवढा दंड बसू शकतो, हे कळल्यावर मालकांचा सूरच बदलला.

व्हिसाच्या भीतीने लोक गप्प बसतात त्याचं फार वाईट वाटतं. क्लेम घेताना तुमचं स्टेटस विचारत नाहीत, आणि तक्रार केली म्हणून इमिग्रेशनला कळवीन अशी धमकी देणं हाच इथे गुन्हा आहे.

एक स्टार कापला तो वेळेसाठी. हिचं नशीब चांगलं, पण स्टाफ कमी आणि क्लेम ढीगभर, राज्याच्या ऑडिटरनेच 2024 मध्ये म्हटलंय की निकालाला बरेचदा दोन वर्षं किंवा जास्त लागतात. ज्याला पुढच्या महिन्याचं भाडं भरायचंय त्याने काय करायचं? हे सुधारायलाच हवं.

किमान वेतन आणि ओव्हरटाइमसाठी मुदत 3 वर्षांची आहे, म्हणजे नोकरी सोडून वर्ष-दीड वर्ष झालं असेल तरी क्लेम करता येतो. जुने पे स्टब (पगाराच्या पावत्या) आणि मेसेज डिलीट करू नका.